एक पोतं कमी

ऑर्लंडोच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला वळसा घालून
बाविसास एक मापाची मालगाडी धावते.
इंजिन, डबे, सांधे त्याचे. माल माझा.
तो माझगाव डॉकचा फिटर, लोखंडाचं त्याला सगळं कळतं.
पण लोखंडात काय भरायचं ते मला विचारतो,
कारण वाडीबंदरच्या मालधक्क्यावर एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचा माल मोजला.

म्हणून सांगतो,
कोळसा काठोकाठ सपाट भरू नये.
प्रवासात तो बसतो, मधे खळगा पडतो,
कडेला भुकटी जमते.
इस्त्रीवाल्याकडून विझलेले निखारे आणतो,
खलबत्त्यात कुटतो (घरात कुणी नसताना),
तीन चाळण्यांतून काढतो.
खाली थर्माकोल, वर बोटभर कोळसा.
सगळा खरा भरला तर वळणावर डबा कलंडतो.

पोत्यांचं काम वेगळं.
जुना पंचा रात्रभर कोऱ्या चहात बुडवायचा,
तागाचा रंग असाच येतो.
दोन पेरांएवढं पोतं, आत चाळलेली रेती.
शिवायचं सुईने, पण टाके दाभणाचे, लांब, तिरके.
टोकांना दोन कान, कारण माथाडी कानाला धरतो.
हुकाचं भोकही पाडतो. ते कुणाला दिसत नाही.
मग एकेक अंगठ्याने दाबायचं.
भरलेलं पोतं खालच्याचा आकार घेतं.

या खेपेला ऑर्लंडो म्हणाला, साखर कर.
बंद डबा, दार अर्धं सरकवलेलं.
दारातून दिसतील तेवढीच पोती, मागे पुठ्ठा.
मी म्हटलं, नाही. दोनशे वीस.
चार महिने गेले, चष्म्याचा नंबर वाढला.

दहा लांब, दोन रुंद, अकरा थर.
रचली. डुगडुगली.
दोन ओळींमधे फट राहत होती,
हाताला आलं ते पोतं तिच्यात उभं खुपसलं.
थप्पी गप्प झाली.
वर पाहिलं तर कोपऱ्यात
एका पोत्याची जागा रिकामी.

सत्त्याऐंशी साल, मार्च. सांगलीकडून आलेला डबा.
धक्क्यावर थप्पी लागली, मी नजरेने मोजली:
दहा गुणिले दोन गुणिले अकरा, वजा कोपरा.
सील शाबूत, म्हणजे चोरी धक्क्यावरच.
लिहिलं, एक पोतं कमी.
सखाहरी भिलारे त्या दिवशी
जेवायला दहा मिनिटं आधी गेला होता.
तेवढं पुरलं. टोळीतून नाव कापलं,
पुढे तो मेढ्याकडे गेला म्हणे.

थप्पी हलते साहेब, मधे एक उभं घालू का,
असं कुणीतरी विचारलं होतं.
मी मान हलवली असेन. हातात चहा होता.
थप्पी मोडली तेव्हा माझी पाळी नव्हती,
आणि एक जास्त निघालं
तर कोण कशाला सांगायला येईल?

उभं पोतं बाहेर काढलं, टाके उसवले.
रेती ओतून दिली, घरातली साखर भरली, पुन्हा शिवलं,
होतं तिथे खुपसलं.
कोपरा रिकामाच ठेवला.

ऑर्लंडोने डबा जोडून चार फेऱ्या मारल्या.
म्हणाला, वर एक राहिलंय रे तुझं.
मी म्हटलं, मोज.
त्याने मोजलं. नजरेने.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, गाडीत मुंग्या झाल्यात.
गेलो. टाकीपासून रुळाच्या कडेकडेने एक रांग
सरकवलेल्या दारातून आत चाललेली,
दर्शनी दोनशे एकोणीस पोत्यांना तोंडही न लावता
सरळ मधे.
ऑर्लंडो हळदीचा डबा घेऊन उभा.
म्हटलं, थांब जरा.
उतरवून होऊ दे.